साखळी

कार्त्सगहून पहाटेच्या गाडीत बसलो तेव्हाच
बोरोकाने यादी काढली, स्वतःच्या अक्षरात, शाईच्या डागासकट:
राजवाडा. सिंह. जमिनीखालची पिवळी गाडी. साखळीचा पूल.
झोम्बोर साडेतीन वर्षांचा. त्याला फक्त शेवटचं ऐकू आलं.
सोल्नोक येईपर्यंत विचारत राहिला,
साखळी केवढी? आपल्या बोद्रीच्या गळ्यात आहे तेवढी?

बुडापेस्टमध्ये नोव्हेंबर होता.
कार्त्सगलाही होता, पण तिथे तो अंगणात बसून असतो;
इथे पुलावर, बाहीतून आत शिरणारा.
सिंहांसमोर बोरोका मान मोडेपर्यंत वर बघत राहिली,
यांना जीभ आहे का ते खालून कळत नाही, म्हणाली
आणि यादीवर अर्धीच खूण केली.
झोम्बोर लोखंडाच्या लांब पट्ट्यांपुढे उभा.
ही साखळी नाही, म्हणाला.
ही शिडी आहे, आडवी पडलेली.
मी समजावलं. एका पोलिसाने समजावलं.
खालून डॅन्यूब जात होती, बोटीतले लोक फोटो काढत होते,
आणि माझा मुलगा भर पुलावर लोळण घेऊन
गंडवल्या गेलेल्या माणसासारखा रडत होता.

मग भाजलेले चेस्टनट, जिभेला चटका.
मग एक हातमोजा ट्रामसोबत गेला, कायमचा.
राजवाड्याची रांग पाहून मीच म्हटलं, बाहेरूनच छान दिसतो.
आणि मग, ट्रामच्या दोन थांब्यांच्या अधेमधे,
जिथे कॉफी न पिणाऱ्याला कुणी आत घेत नाही
आणि संडासाच्या दाराला नेमकं
माझ्याकडे नसलेलंच नाणं लागतं:
"आई, शू."

या शहरात मला एकच दार माहीत होतं.
एकोणिसाव्या वर्षी चौदा महिने मी त्याच्या आत झोपले,
हॉटेलच्या चादरींना इस्त्री करून करून बोटं सोललेली,
आणि एका गुरुवारी न सांगता निघून गेले,
दोन महिन्यांचं भाडं बुडवून, किल्ली खिशात.
ती अजून आमच्या बटणांच्या डब्यात आहे.
गेर्गेलला वाटतं, कुठल्यातरी जुन्या पेटीची असेल.

झोम्बोर कडेवर, बोरोका मागून पायऱ्या मोजत.
तिसरा मजला. चौकाभोवती तीच लोखंडी गॅलरी,
तेच जिरॅनियम, किंवा त्याची नात.
बेल दाबून मी माफीची वाक्यं जुळवत होते.
पिरोश्का नेनीने दार उघडलं,
आठवणीतल्यापेक्षा वीतभर बुटकी.
माझ्याकडे पाहिलं. मग पोराच्या आवळलेल्या गुडघ्यांकडे.
"आधी तो," म्हणाली. "मग तू."

आतून धो धो. शांतता. पुन्हा धो धो.
तिसऱ्यांदा झोम्बोर ओरडला:
"साखळी! आई, खरी साखळी!"
छताजवळ बिडाची टाकी,
तिच्यापासून लोंबणारी, कडीत कडी अडकलेली,
टोकाला चिनी मातीची मूठ, तडा गेलेली.
तो तडा माझ्या वेळचा.

नेनीने पावावर डुकराची चरबी फासली, वर लाल कांदा.
मी पाकीट काढलं.
आत ठेव ते, म्हणाली, तेव्हाचे फॉरिंट वेगळे होते.
कुलूप मी त्याच आठवड्यात बदललं.
मग सुरी पुसता पुसता:
दोन रात्री तुझं ताट झाकून ठेवलं होतं.
मला काही बोलता आलं नाही.
कांदा तिखट होता.

परतीच्या गाडीत बोरोकाने राजवाड्यापुढे लिहिलं: बाहेरून.
गेर्गेलचा फोन आला, काय काय पाहिलं?
साखळी, झोम्बोर म्हणाला, डोळे मिटूनच.
"वा! केवढी मोठी ना?"
"नाही. पण ओढता येते."

मी काही दुरुस्त केलं नाही.
मांडीवर रुमालात बांधलेला अर्धा पाव होता,
आणि जिन्यावरून वाकून नेनीने बजावलेलं:
किल्ली टपालाने पाठव.
पितळ आहे, फुकट का घालवायचं.